कोट्या, कोरडे आणि कॉफी मशीन

तर झालं असं की, गेले तीन शनिवार मी इथे काहीच खरडलं नाही. दोघातिघांनी विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?" एकाने तर "गो-लाइव्ह असेल" असं परस्पर ठरवूनही टाकलं. बायको मात्र पहिल्याच शनिवारी म्हणाली, "आज कुणाची टिंगल नाही का? घर कसं शांत शांत वाटतंय."

कारण सांगतो. महिन्याभरापूर्वी मी 'हापिसातलं इंग्रजी' या विषयावर एक तुकडा लिहिला होता. त्यात एक पात्र होतं. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'डू वन थिंग'ने करणारं, मीटिंग 'प्रीपोन' करणारं आणि क्लायंटला बिनदिक्कत 'माय डाउट इज देअर' असं सांगणारं. लोकांना तुकडा जाम आवडला. कुणीतरी पु.लं.ची आठवण झाली असंही म्हणालं, आणि मी दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

तिसऱ्या दिवशी कॉफी मशीनपाशी आमच्या टीममधला एक जण भेटला. परभणीकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, आणि डेटाबेसमधलं आमच्या मजल्यावर कुणालाही कळत नाही इतकं कळणारा. कप मशीनखाली ठेवत म्हणाला, "भारी लिहिलंस की रे. ते 'डू वन थिंग'वालं माझंच ना?"

"अरे नाही रे, असंच, सगळं मिक्स करून..."

"नाही, छान आहे," असं म्हणून तो हसला आणि कप घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉलवर त्याने एकच वाक्य म्हटलं, "नो अपडेट फ्रॉम माय साइड." एरवी दहा मिनिटं उलगडून सांगणारा माणूस! त्याच आठवड्यात रात्रीच्या जॉबमध्ये एक घोळ होता. तो त्याला आधीच दिसला होता, पण क्लायंट कॉलवर असताना तो काही बोललाच नाही. कॉल संपल्यावर मला चॅटवर सगळं लिहून पाठवलं. व्यवस्थित, मुद्देसूद, मराठीत.

तेव्हापासून माझं लिहिणं थांबलं. एखादी कोटी सुचली की पाठोपाठ तो कप आठवायचा.

आता अशा वेळी शहाणा माणूस जाऊन माफी मागतो. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे आधी इतिहासात काही तयार सोल्यूशन आहे का ते शोधायला बसलो. हसू नका. पण सापडलं बरंच काही, म्हणून आजचा हा प्रपंच.

नोकरी सांभाळून लिहिणारे

आधी एक गैरसमज दूर करू. नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात जगाला शहाणपण शिकवायचं, हा उद्योग आपल्या पिढीने काढलेला नाही. १८४८ साली गोपाळ हरि देशमुख नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण मुंबईच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात पत्रं लिहायला लागला. 'प्रभाकर' हे भाऊ महाजनांचं, १८४१ साली सुरू झालेलं. देशमुख सरकारी नोकर, १८४४ पासून भाषांतरकाराच्या कामावर. म्हणून खाली सही टोपणनावाची, 'लोकहितवादी'. १८५० पर्यंत अशी १०८ पत्रं झाली. त्यांनाच आपण शाळेत 'शतपत्रे' म्हणून दोन मार्कांपुरतं ओळखतो.

(शतपत्रे शंभर नसून एकशे आठ आहेत, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. एस्टिमेट चुकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.)

या पत्रांमधला मजकूर मात्र गमतीचा नाही. बालविवाह, विधवांचे हाल, अर्थ न कळता केलेलं पाठांतर, आळस, जातीचा ताठा, सगळ्यावर कोरडे. पण ते कुणावर? पुण्यात जन्मलेला हा ब्राह्मण मुख्यतः ब्राह्मणांवरच ओढतोय. स्वतःच्या वाड्याचे, स्वतःच्या पंगतीतले लोक. नाव लपवलेलं असलं तरी माणूस लपलेला नाही. तो ज्या घराला नावं ठेवतोय, त्याच घरात रात्री जेवायला जातोय.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकट्याचं मासिक

आता थोडं लंडनला जाऊन येऊ, कारण पुढच्या माणसाचा गुरू तिथला. १७५० ते १७५२ या दोन वर्षांत डॉ. सॅम्युअल जॉन्सनने 'रॅम्बलर' नावाचं एक नियतकालिक चालवलं. दर मंगळवारी आणि शनिवारी एक निबंध, एकूण २०८ अंक, आणि त्यातले मोजके सोडले तर सगळे एकट्याने लिहिलेले. आणि हा त्याचा जोडधंदा होता बरं का! दिवसाचं काम होतं इंग्रजीचा शब्दकोश तयार करणं, जो पुढे १७५५ साली बाहेर आला. डेडलाइन दोन्हीकडे.

या जॉन्सनवर जीव असलेला एक तरुण शंभरेक वर्षांनी पुण्यात मास्तर झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांनी जॉन्सनवर विस्तृत लेखनही केलं. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक काढलं, तेव्हा वय तेवीस आणि नोकरी सरकारी हायस्कुलात. सात वर्षं, ८४ अंक, आणि लेखक जवळजवळ एकच. संपादक तोच, समीक्षक तोच, भांडणारा तोच. भाषा, इतिहास, कवित्व, गर्व, लोकभ्रम, जो विषय डोक्यात शिरेल तो घ्यायचा आणि पानंच्या पानं लिहायची.

आज वाचतानाही त्यातला दम जाणवतो. मराठी गद्य याआधी बरंचसं शाळेच्या पुस्तकासारखं चालायचं. चिपळूणकरांकडे ते खुर्ची ओढून समोर बसतं, आवाज चढवतं, मध्येच चिमटा काढतं. आपण सगळे जे आज मराठीत तिरकस लिहितो, त्यांचे हे खापरपणजोबा.

आणि धाडसही होतं. राज्य इंग्रजांचं, पगार इंग्रजांचा, आणि टर उडवायची ती मिशनऱ्यांची आणि इंग्रजांच्या शहाणपणाची! पुढे रत्नागिरीला बदली झाली, आणि १८७९ साली त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं. १८८० मध्ये टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा'. मालेतल्या 'आमच्या देशाची स्थिती' या अखेरच्या निबंधावर सरकारने पुढे बंदी घातली. १८८२ च्या मार्चमध्ये चिपळूणकर वारले तेव्हा पुरते बत्तीस वर्षांचेही नव्हते. आपल्यातले बरेच जण त्या वयात 'सिनियर'चं 'लीड' कधी होणार या चिंतेत असतात.

पेन्सिलीची रेघ

'निबंधमाले'ची एक जाडजूड प्रत आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून आहे. आजोबा वाचताना पेन्सिलीने रेघा मारायचे, फार आवडलं तर समासात 'वा!' लिहायचे. बाबा लहानपणी आम्हाला त्यातली झोंबरी वाक्यं मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि मी पंधराव्या वर्षी त्यावर खदाखदा हसलेलो आहे.

तिसऱ्या शनिवारी ती प्रत काढली आणि पानं उलटता उलटता जोतीराव फुल्यांवरच्या मजकुरापाशी आलो.

पार्श्वभूमी अशी. फुल्यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. 'शतपत्रे' सुरू झाली त्याच वर्षी. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज. (नोकरी-धंद्याचंच बोलायचं तर फुले कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवणारे.) चिपळूणकरांनी मालेत फुल्यांच्या लिखाणाचा समाचार घेतला. विचार पटले नाहीत म्हणून वाद घातला असता तर गोष्ट वेगळी होती. पण टिंगलीचा मोठा भाग आहे तो फुल्यांच्या भाषेवर, व्याकरणावर. याला धड लिहिता येत नाही आणि हा ग्रंथकार व्हायला निघालाय, असा एकूण सूर.

समासात आजोबांची रेघ होती. आणि 'वा!'

मी बराच वेळ त्या 'वा!'कडे बघत बसलो. कारण त्या पानावर मीही हसलो होतो. आणि महिन्याभरापूर्वी मी जे लिहिलं, त्याची रेसिपी तंतोतंत हीच होती. 'डू वन थिंग'वाला जे सांगतोय ते बरोबर की चूक याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. (बहुतेक वेळा बरोबरच असायचं!) तो ते कसं सांगतो, एवढंच मला दिसलं.

एकाच माणसाची एकच लेखणी. वर रोखली तेव्हा तिच्यात हिंमत होती, कारण समोरचा नोकरी घालवू शकत होता. खाली रोखली तेव्हा तीच धार आणि तीच कोटी, पण आता घालवण्यासारखं लिहिणाऱ्याचं काहीच नव्हतं. शुद्ध भाषा ज्याला घरात आयती मिळाली, तो ती न मिळालेल्याला हसत होता. चिपळूणकरांचे वडील कृष्णशास्त्री हे स्वतः मोठे ग्रंथकार. आणि माझे बाबा मला दुसरीपासून इंग्रजी मीडियममध्ये सोडायला स्कूटरवरून यायचे.

बरं, फुले या टिंगलीने गप्प बसले का? नाही. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने भरलेल्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं आलं, तर त्यांनी पत्र लिहून ठाम नकार कळवला. ज्या सभेत आमच्या लोकांच्या दुःखाला जागा नाही तिथे येऊन काय करू, असा त्याचा आशय. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' तर त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलं. ज्या भाषेची थट्टा झाली, त्याच भाषेत.

'गुलामगिरी'ची रचनाही बघण्यासारखी आहे. सगळं पुस्तक प्रश्नोत्तरांत. विचारणारा धोंडीबा, आणि उत्तर देणारा खुद्द जोतीराव. लेखक पडद्यामागे नाही. स्वतःच्या नावानिशी पात्र होऊन ओट्यावर बसलाय, विचारा काय विचारायचं ते.

पण सगळेच फुले नसतात हो. सगळ्यांना 'असूड' लिहून उत्तर देता येत नाही. काही जण कॉलवर 'नो अपडेट' म्हणून गप्प बसतात, आणि हसणाऱ्यांना वाटतं, काही झालंच नाही.

एकशे एक दिवस

आता याच मंडळींमधला दुसरा माणूस, माझा सगळ्यात लाडका. गोपाळ गणेश आगरकर, 'केसरी'चे पहिले संपादक.

१८८२ साली 'केसरी' आणि 'मराठा'ने कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. मुद्दा कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाचा, हेतू चांगला. पण आधार होता काही पत्रांचा, आणि ती पत्रं बनावट निघाली! थोडक्यात, टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला गेलं. अब्रुनुकसानीचा खटला झाला, माफी मागितली, तरी आगरकर आणि टिळक दोघांना चार महिन्यांची शिक्षा झालीच. दोघंही सव्वीस वर्षांचे. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ ला सुटले.

बाहेर आल्यावर दुसरा कुणी असता तर हौतात्म्याचं पुस्तक लिहिता. आगरकरांनी लिहिलं 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस', आणि त्याचा सूर चक्क खेळकर! कोठडी, अन्न, पहारेकरी, आणि त्यात अडकलेले आपण दोघं पुणेरी विद्वान. गंमत स्वतःच्या फजितीची. त्या तुरुंगवासात त्यांनी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतराचंही काम केलं. ते १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून प्रसिद्ध झालं.

हाच माणूस पुढे टिळकांशी मतभेद झाल्यावर 'केसरी' सोडतो आणि १८८८ साली 'सुधारक' काढतो. लग्नाचं वय, विधवांचं केशवपन, सोवळंओवळं, सगळ्यावर असं लिहितो की पुण्यातले लोक त्याच्या जिवंतपणी त्याची प्रेतयात्रा काढतात. जोडीला दमा. १८९५ मध्ये एकोणचाळिशीच्या आतच गेले.

आगरकर कमी टोचायचे असं अजिबात नाही. भरपूर टोचायचे. पण तो ज्यांना टोचत होता ते गल्लीत, शाळेत, पंगतीत त्याला रोज गाठू शकत होते, आणि गाठतही होते. शिवाय हसायची वेळ आली तेव्हा त्याने पहिला नंबर स्वतःचा लावला होता. ज्याने स्वतःची फजिती छापलीय, त्याचा चिमटा सोसायला थोडा सोपा जातो. असं मला तरी वाटतं.

आणि एक आजी

शेवटी एक बाई, म्हणजे आजीच. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८. अकराव्या वर्षी लग्न, नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक, जे १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यानंतर काही वर्षांची ताटातूट, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहायवाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरी. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा वय पासष्टीच्या पुढे.

आपल्या वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, स्वतःची भीती, स्वतःची फसगत, सगळं त्या सांगतात. हसवून हसवून मारतात, आणि मध्येच एका ओळीत घशात आवंढा आणतात. नवऱ्याची गंमत सांगताना त्या स्वतः त्याच खोलीत उभ्या असतात, आणि बहुतेक वेळा फजितीत अर्धा वाटा त्यांचा.

भाषा बोलण्यातली, माजघरातली. 'निबंधमाले'च्या मापाने बघितलं तर नापास होईल. पण आज मराठीतलं उत्तम गद्य कुठलं असं विचारलं तर बरेच जाणते लोक या पुस्तकाचं नाव पहिल्या पाचात घेतील. भाषा 'धड' असणं म्हणजे काय, याचा निकाल मास्तरांच्या हातात राहिला नाही, हे केवढं बरं झालं!

तर मग सोल्यूशन काय?

सोल्यूशन वगैरे काही नाही. एक साधी तपासणी मात्र मिळाली. लिहिलेलं वाचून बघायचं : या चित्रात मी कुठे आहे? लोकहितवादी ज्यांना झोडत होते त्यांच्या पंगतीत होते. जोतीराव धोंडीबासमोर बसले होते. आगरकर कोठडीत होते, लक्ष्मीबाई त्याच खोलीत. आणि मी? काचेच्या केबिनबाहेर उभा राहून आतल्याच्या इंग्रजीवर शेरे मारत होतो, वर नाव बदललंय म्हणून स्वतःला सभ्यही समजत होतो.

बुधवारी त्याच्या डेस्कपाशी गेलो. म्हटलं, "ते तुझंच होतं. मी खोटं बोललो. सॉरी."

तो स्क्रीनकडेच बघत होता. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं रे. मला त्याचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते हे, की तू इतके दिवस कॉलवर माझं सगळं ऐकत होतास, आणि तुझ्या लक्षात राहिलं ते एवढंच."

यावर काय बोलणार? चिपळूणकरांच्या ८४ अंकांत याचं उत्तर नाही.

तुकडा काढून टाकू का, असं विचारलं. म्हणाला, "राहू दे. काढलास तर लोक अजून विचारतील. पण मग तुझंही लिही एखादं."

तर हे माझं. नोकरीचं दुसरं वर्ष, पहिला स्वतंत्र क्लायंट कॉल. पलीकडे अमेरिकेतली एक गंभीर बाई. रात्रीच आम्ही त्यांच्याकडे नवीन व्हर्जन चढवलेलं. तिने एक शंका विचारली. मला उत्तर येत नव्हतं. कॉन्व्हेंटच्या आत्मविश्वासाने, गळ्यातला टाय सरळ करत मी म्हणालो, "शुअर, वी विल रिव्हर्ट बाय टुमॉरो."

मला म्हणायचं होतं, उद्यापर्यंत कळवतो. तिने ऐकलं, उद्यापर्यंत सगळं काढून जुनं व्हर्जन परत टाकतो. तिचा आवाज चिरकला, "प्लीज डोन्ट रिव्हर्ट!" मला वाटलं बाईंना आमच्या उत्तराची गरज नाही, रागावल्या असाव्यात. मी अजून नम्रपणे म्हणालो, "नो मॅम, वी विल डेफिनेटली रिव्हर्ट." पुढच्या वीस मिनिटांत तिचा मॅनेजर, माझा मॅनेजर आणि त्याचाही मॅनेजर कॉलवर होते.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काल आमच्या डेटाबेसवाल्याला सांगितलं, तर तो इतका हसला की शेजारच्या दोन क्यूबिकलमधले लोक उठून बघायला लागले. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाला, "डू वन थिंग. हे लिही."

लिहिलं.